सत्कार देणाऱ्याचा, मान घेणाऱ्याचाही

रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले की मुस्लिम घरांत हिशेबाची वही बाहेर निघते. वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज होते. त्यातून देणे वजा करायचे आणि उरलेली रक्कम ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर हजारी पंचवीस रुपये, म्हणजे अडीच टक्के, जकात काढायची. हा हिशेब घरातल्या घरात होतो आणि पैसेही बहुधा गाजावाजा न होता गरजूंपर्यंत पोहोचतात.

शाळा-महाविद्यालयांची रीत मात्र वेगळी. तिथे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात, देणगीदारांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले जाते. निफाडचे महाविद्यालय ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, ते विद्यापीठही १० फेब्रुवारीच्या वर्धापनदिनी समाजासाठी आयुष्य वेचणाऱ्यांना ‘जीवन साधना गौरव’ पुरस्कार देते. मग खरे काय? दान झाकून करावे की त्याचा सत्कार व्हावा?

पवित्र कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, अल्-बकरामध्ये, याचा विचार आहे. दान उघडपणे दिले तरी ते चांगलेच. गुप्तपणे गरजूला दिले तर अधिक चांगले. मात्र देऊन झाल्यावर उपकार बोलून दाखवले, घेणाऱ्याचे मन दुखावले, तर ते दान वाया गेले, असेही हीच सूरह बजावते. म्हणजे जाहीर सत्काराला मनाई नाही. एकाचे पाहून दहा जण पुढे येत असतील तर तो व्हायलाच हवा. मनाई आहे ती घेणाऱ्याला खाली मान घालायला लावण्याची.

देण्याची ही परंपरा निफाडला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी याच गावात जन्मले. मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८६२ साली चार जण उत्तीर्ण झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्यांपैकी रानडे, भांडारकर आणि मोडक या तिघांनी पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल उभारण्यात पुढाकार घेतला. तीच आजची हुजूरपागा. मुलींना शिकवण्याला उघड विरोध होत होता, त्या काळातली ही गोष्ट. शिष्यवृत्तीवर शिकलेले रानडे स्वतः शिकून थांबले नाहीत. माजी विद्यार्थ्याने परतफेड कशी करावी, याचा धडा आपल्याच गावच्या माणसाने घालून दिला आहे.

दात्यांचेही तसेच. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी लाखो रुपये दिले, पण मनोऱ्याला नाव दिले ते आईचे, राजाबाईचे. सर महंमद युसुफ यांच्या आठ लाखांच्या देणगीतून जोगेश्वरीला १९३० मध्ये इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले. ज्या पु. ल. देशपांड्यांनी साऱ्या महाराष्ट्राला हसवले, ते याच कॉलेजचे विद्यार्थी. एका मुसलमान दात्याच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या वर्गात मराठीचा लाडका लेखक शिकला. दान कुठे जाऊन फळेल, हे देणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असते?

आणि ज्यांचा सत्कार कधी झालाच नाही, त्यांचे काय? आपल्या पदवीच्या कागदावर सावित्रीबाईंचे नाव असते. त्यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा सावित्रीबाईंना विश्वास होता. ही फातिमा शेख. तिला ना शाल मिळाली ना श्रीफळ. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायाबापड्यांनी दळणातले मूठमूठ धान्य बाजूला काढले. त्या मुठींची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले.

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवून आपल्या समारंभांकडे पाहावे. वह्यांचा एक गठ्ठा, त्याला हात लावून उभी असलेली सहा मोठी माणसे आणि मध्ये नजर जमिनीकडे लावलेली एक मुलगी: हा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. तो छापणाऱ्यांत आम्ही वर्तमानपत्रवालेही आलो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात जाते तेव्हा ‘मदत घेणारी’ म्हणून ओळखली जाते. असा फोटो काढून घेण्यापेक्षा मदतच नको, असे एखाद्या मुलाने ठरवले तर दोष त्याचा नाही. फी भरायची शेवटची तारीख उलटून जाते, मूल शिक्षणातून बाहेर पडते आणि आपल्याला वाटते, त्याला शिकायचेच नव्हते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. देणाऱ्याचा सत्कार जरूर करा, पण घेणाऱ्याला मंचावर बोलावू नका. फी कार्यालयातून परस्पर जमा होऊ द्या. दुसरे, रकमेचा आकडा पाहून खुर्ची ठरवू नका. ओझरच्या कारखान्यातला अभियंता, लासलगावचा कांदा व्यापारी आणि दर महिन्याला शंभर रुपये देणारा निवृत्त शिपाई एकाच रांगेत बसू देत. तिसरे, पुढच्या मेळाव्यात पुष्पगुच्छांऐवजी हिशेब वाचा: गेल्या वर्षीच्या पैशांतून किती मुले शिकली, किती अजून ताटकळत आहेत. नावे नकोत, आकडा पुरे. दात्याचा याहून मोठा गौरव कोणता?

मुस्लिम वाचकांसाठी एक गोष्ट. जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत, तेव्हा ती कुणाला आणि कशी द्यायची हे जाणकारांना विचारून ठरवावे. सदका मात्र धर्म न विचारता कुणाही गरजूला देता येतो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार माणूस गेल्यावरही तीन गोष्टींचे पुण्य त्याला मिळत राहते: सतत चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतती. एका गरीब मुलाची फी भरणे यात पहिल्या दोन्ही गोष्टी आल्या.

ईदनंतर लवकरच निकाल लागतील आणि प्रवेशाचे दिवस येतील. तेव्हा कुणाच्या तरी दप्तरात फीची पावती असावी आणि ती कुणी भरली हे त्या मुलाला कळण्याची गरज पडू नये. ते मूल उद्या माजी विद्यार्थी म्हणून मेळाव्याला येईल ते ताठ मानेने, आणि जाताना कुणा अनोळखी मुलाची फी भरून जाईल.