वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली

वेस्ट इंडीज या नावाचा देश नकाशावर कोठेही सापडत नाही. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत वाढलेल्या घरांतही ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना असे कितीतरी देश. झेंडा ज्याचा त्याचा, सरकार ज्याचे त्याचे. मैदानावर मात्र अकराही डोक्यांवर टोपी एकच! पण या मंडळींनी मिळून चालवलेली दुसरी एक गोष्ट मला (क्रिकेटप्रेमींनी रागावू नये) अधिक मोलाची वाटते. ती म्हणजे त्यांचे विद्यापीठ.

१९४८ साली जमैकातील मोना येथे, उसाच्या एका जुन्या मळ्यावर, वैद्यकाच्या अवघ्या ३३ विद्यार्थ्यांनिशी ते सुरू झाले. युद्धकाळात जिब्राल्टरहून आणलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या लाकडी बराकी, हीच पहिली इमारत. हिशेब साधा होता. लाख-दीड लाख वस्तीच्या बेटाला शाळा झेपते. मेडिकल कॉलेज कसे झेपावे?

पुढे १९५८ मध्ये दहा प्रांतांनी एकत्र येऊन संघराज्य स्थापले. पाच वर्षेही ते धड टिकले नाही. १९६१ साली जमैकाच्या मतदारांनी नकार दिला आणि १९६२ त संघ मोडला. नवल असे, की त्याच वर्षी विद्यापीठ लंडनच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतःच्या पदव्या देऊ लागले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, विहीर तेवढी सामाईक राहिली.

विहिरीवर भांडणे व्हायचीच. गयानाने १९६३ साली आपले वेगळे विद्यापीठ काढले. वर्गणी कोणी किती द्यायची आणि कोणाची थकली, ही कुरकुर आजही चालते. तरी त्रिनिदाद, बार्बाडोस आणि २०१९ पासून अँटिग्वा येथे त्याच्या शाखा उभ्या आहेत. पहिले कुलगुरू आर्थर लुईस यांना १९७९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तर मोनाचे विद्यार्थी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ साली साहित्याचे. दोघेही चिमुकल्या सेंट ल्युसियाचे! आणि १९६२ साली बार्बाडोसमध्ये डोक्याला चेंडू लागून आपले नरी कॉन्ट्रॅक्टर अत्यवस्थ झाले, तेव्हा ज्यांनी रक्त दिले ते कर्णधार फ्रँक वॉरेल मोनाच्या एका वसतिगृहाचे अधीक्षक होते. त्यांची समाधीही बार्बाडोसच्या शाखेच्या आवारातच आहे.

मास्तराला मात्र भावते ती निराळीच गोष्ट. तेथील शाळकरी मुलांच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे केंब्रिजहून येत. १९७२ साली या देशांनी सामाईक परीक्षा मंडळ काढले आणि १९७९ पासून आपल्या परीक्षा आपण घेऊ लागले. परीक्षेत जे विचारतात तेच मुले वाचतात, हे कोणत्याही शिक्षकास विचारा. बेटांवरच्या मुलांना बेटांचा इतिहास वाचावा लागला, तो त्यानंतर.

एवढे करूनही एक दुखणे उरतेच. शिकलेली परिचारिका अमेरिकेला जाते, डॉक्टर कॅनडाला. मुंबई-पुण्याच्या आईबापांना हे दुःख समजावून सांगायला नको. कॅरिकॉम या त्यांच्या गटाने त्यावर थोडा इलाज केला आहे: पदवीधराने पात्रतेचा दाखला दाखवला, की गटातल्या बहुतेक देशांत त्याला कामाचा वेगळा परवाना लागत नाही. सेंट ल्युसियाच्या डॉक्टरला बार्बाडोसला नोकरी करता येते. पगाराच्या बाबतीत मात्र बार्बाडोसची गाठ टोरांटोशी आहे.