ताडगोळे घ्या, पण सालीसकट!

उन्हाळा लागला की पनवेलच्या बाजारात आणि आमच्या करंजाड्याच्या रस्त्यांवर ताडगोळ्यांच्या पाट्या दिसू लागतात. हल्ली सोललेले गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या पाण्यात घालूनही मिळतात. गृहिणींचा वेळ वाचतो हे मान्य. पण माझे स्पष्ट मत आहे की असे गोळे घरी आणू नयेत. सोलणाऱ्याचे हात, त्याची सुरी, ते पाणी, यांतले काहीच आपण पाहिलेले नसते. शिवाय ताडगोळा कच्चाच खायचा, उकळून जंतू मारण्याची सोय नाही. ऐन मे महिन्यात जुलाब किंवा कावीळ घेऊन कोणी दवाखान्यात आले, की बाहेरचे गार काय घेतले, हा माझा पहिला प्रश्न असतो.

सालीसकट गोळे घ्यावेत. बोटाने दाबून लवतो तो कोवळा. घरी आणून वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि थोडा वेळ पिण्याच्या पाण्यात ठेवावेत, म्हणजे ती तुरट, पिवळसर साल नखानेही सुटते. गोळा वाटीवर धरून फोडावा. आतले गोड पाणी सांडले तर मजाच गेली! फोडी नुसत्या खाव्यात, किंवा वेलची घातलेल्या गार दुधात, शहाळ्याच्या पाण्यात टाकाव्यात. साखरेची गरज नसते, आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर ती घालूच नये. जून, चिवट गोळा पोटाला जड पडतो. लहान मुलांना अख्खा गोळा कधीही देऊ नका. तो गुळगुळीत असतो, घशात अडकू शकतो. बारीक तुकडे करूनच भरवा. (तमिळनाडूत पिकल्या फळाच्या बिया जमिनीत पुरून त्यांचे कोंब उकडून खातात. आपल्याकडे एवढी खटपट कोण करणार!)

घामोळ्यांवर ताडगोळ्याची साल चोळण्याची जुनी रीत आहे. गार वाटते एवढे खरे, पण सुती कपडे आणि दोन वेळा अंघोळ यांचाच उपयोग अधिक.

माझा खरा आक्षेप आहे तो ‘ताडगोळा खाल्ला की ऊन बाधत नाही’ या समजुतीला. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेजारीच, खारघरला, भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ताडगोळ्यात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तहान भागते. परंतु घामावाटे किंवा जुलाबावाटे गेलेले मीठ त्याने पुरेसे भरून निघत नाही. त्यासाठी जलसंजीवनीच हवी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग तापून भाजू लागले, तर फळे सोलत बसू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. तो श्वासनलिकेत जातो.