शीटचा ताप मोजता, माणसाचा का नाही?

औषधाच्या गोळ्यांचे पाकीट, केकचा डबा, लग्नातला पाण्याचा पेला आपण वापरतो आणि फेकून देतो. सपाट प्लॅस्टिक शीटला हा आकार येतो कसा? शीट चौकटीत पकडून हीटरखाली तापवतात. ती मऊ होऊन लोंबू लागली की साच्यावर घेतात आणि खालची हवा पंपाने खेचतात. ताप कमी पडला तर कोपरे उमटत नाहीत. जास्त झाला तर शीट फाटते. म्हणून मालक शीटचे तापमान काट्याने मोजतो.

आमचा सवाल सरळ आहे. त्याच हीटरपुढे दिवसभर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला लागणारा ताप कोण मोजतो? पीव्हीसीची शीट करपली की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो. हीटरवर धूर ओढणारा पंखा बसवणे काही अशक्य नाही.

केंद्राच्या १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे. २०२० च्या संहितेने हा आकडा २० केला. म्हणजे पंधरा कामगारांचा गाळा कारखान्यांत गणलाच जाणार नाही! माणसे कमी म्हणून हीटर थंड होतो काय?

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. त्यांना मानणाऱ्या आमची मागणी एवढीच: शीटसोबत माणसाचाही ताप मोजा.