झाड छाटायला कुणाला बोलवावे?

पावसाळा तोंडावर आला की सिंदीत छपरांवर झुकलेल्या निंबाच्या फांद्यांची सर्वांना आठवण होते. मग "मजुरी नको, लाकूड तेवढे नेतो" म्हणणारा ठेकेदार दारात उभाच! व्यापारी माणसाला फुकटाचा मोह पडतो, आम्हालाही पडला. काढायची होती एक फांदी. दुकानातून परतून पाहतो तो जाडजूड चार फांद्या ट्रॉलीत आणि झाड बोडके. कतरण हीच ज्याची मजुरी, त्या शिंप्याकडे कापड कमीच पडणार, हे आम्हा कापडवाल्यांना तरी कळायला हवे होते.

तेव्हा मजुरी रोख ठरवावी आणि लाकूड आपले ठेवावे. उस्ताद कारागीर जाड फांदी आधी खालून थोडी चिरतो, मग वरून कापतो. त्यामुळे खोडाची साल सोलून निघत नाही. हे त्याला आधीच विचारून पाहावे. दोराशिवाय कुणाला वर चढवू नये. विजेच्या तारा जवळ असल्यास महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा. शिवाय १९७५ च्या कायद्याप्रमाणे नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला, ते आपल्या अंगणातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. "परवानगीचे मी पाहून घेतो" म्हणून कागद न दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.