मागच्या बाकावरचा माणूस



डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. भोंगा झाला की याच रस्त्याने पाळीला धावणारी हजारो पावलं या नावाच्या पाटीखालून गेली. पण हे जोशी कोण, असं विचारलं तर आपल्यातलेच बहुतेक जण डोकं खाजवतील. कुणी गिरणीमालक? कुणी शेटजी? छे!

नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, कुलाबा जिल्ह्यातलं गोरेगाव. १९२० साली मुंबईत ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या उभारणीत हा माणूस होता. आणि १९२१ पासून सुमारे पाव शतक दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तो बसला. तोही सरकारने नेमलेला. कारण गिरणीत राबणाऱ्या बहुसंख्यांना त्या काळी मतच नव्हतं! समोर साहेबांचं सरकार, आजूबाजूला जमीनदार आणि मालकांचे वकील. हाती खातं नाही, पाठीशी बहुमत नाही. मागच्या बाकावरचा माणूस म्हणतात तो असा.

अशा एकट्याने करायचं तरी काय? भाषण ठोकायचं, वर्तमानपत्रात नाव छापून आणायचं आणि भत्ता घेऊन घरी यायचं? पुष्कळांनी तेवढंच केलं. जोशींनी काय केलं ते पाहा.

मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत १९२० साली तंटा पेटला. मालक बिन्नी कंपनी तडक हायकोर्टात गेली आणि युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम घेऊन आली. कामगारांना एकत्र करून संपाची गोष्ट बोलणं हाच मालकाच्या कराराला धक्का, असा न्याय! म्हणजे युनियन चालवणाऱ्याने उद्या घरदार विकून नुकसानभरपाई भरायची. मार्च १९२१ मध्ये जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला की युनियनची नोंदणी व्हावी आणि तिला कायद्याचं संरक्षण मिळावं. सरकारने मान डोलावली, प्रांतांची मतं मागवली आणि वर्षांमागून वर्षं घालवली. जोशी बाकावरून हलले नाहीत. १९२६ साली कायदा झाला. सात कामगारांनी सह्या करून अर्ज दिला की युनियनची नोंदणी होण्याचा रस्ता मोकळा झाला. संप केला म्हणून नोंदलेल्या युनियनच्या पुढाऱ्यावर कटाचा खटला किंवा नुकसानीचा दावा लावण्याला आडकाठी आली. आपल्या युनियनचं छापील पावतीपुस्तक ज्या कायद्याच्या जोरावर उभं राहिलं, तो हा.

आता एक हरलेली लढाई सांगतो. जिंकलेल्यापेक्षा तीच आम्हाला जास्त मोलाची वाटते. वाइंडिंग खात्यातली बाई नऊ महिने भरेपर्यंत उभी राहायची, कारण घरी बसली तर पगार बुडायचा. बाळंत झाली की ओली बाळंतीण पुन्हा गिरणीच्या दारात. १९२४ साली जोशींनी बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं बिल आणलं. १९२५ साली ते सभागृहाने फेटाळलं. संपलं? नाही! तीच मागणी मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी उचलली, १९२८ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. साऱ्या देशासाठी तो व्हायला १९६१ उजाडलं. दिल्लीत पडलेलं बिल मुंबईत पास झालं ते कशामुळे? मागणी एकदा दप्तरी कागदावर चढली होती आणि गिरणगावात तिचा बोभाटा झाला होता, म्हणून.

जोशी मवाळ होते, हेही लपवत नाही. लाल बावट्याच्या लोकांनी त्यांना नावं ठेवली, १९२९ साली नागपूरला ते ट्रेड युनियन काँग्रेसमधून बाहेरही पडले. भांडण खरं होतं. पण १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात संयुक्त संप समितीत हाच मवाळ माणूस डांग्यांच्या शेजारी बसला होता. बाहेर संप आणि आत प्रश्न, दोन्ही लागतात बाबांनो!

हे आज कशासाठी उगाळायचं? १९२६ चा तो कायदा आता नव्या औद्योगिक संबंध संहितेने गिळला म्हणून. २०२० च्या सप्टेंबरात लोकसभेने २२ तारखेला आणि राज्यसभेने २३ तारखेला एकदम तीन कामगार संहिता मंजूर केल्या. कोणत्याही उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस. ३०० पेक्षा कमी कामगार असले तर कारखाना बंद करायला मालकाला सरकारची परवानगी नको. पूर्वी ही रेघ १०० वर होती. आणि त्या वेळी विरोधी बाक जवळजवळ रिकामे! खासदारांना निलंबित केलं म्हणून बहिष्कार होता. कारण खोटं नव्हतं, ते आम्ही मान्य करतो. पण जोशी एकटे असताना बसून राहिले, आणि इथे कितीतरी जण असून एकाही कलमावर आपल्या बाजूने उपसूचना रेटायला माणूस उरला नाही. हे आमच्या गळी उतरत नाही.

खासगी सभासदाच्या बिलाला शुक्रवारची दुपार मिळते. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ बिलं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तेव्हा आपला खासदार उद्या कायदा आणील या भ्रमात राहू नका. पण प्रश्न विचारायला त्याला कुणाची मनाई आहे? फंड कुणी थकवला, बदलीवाल्याला किती वर्षं कायम केलं नाही, हे मंत्र्याला सभागृहात लेखी सांगावं लागतं आणि ते छापलं जातं. अट एकच. माहिती आपण पुरवली पाहिजे. साच्यावर उभा राहणाऱ्याला जे ठाऊक असतं ते दिल्लीच्या बाकावर बसून कळत नाही.

अधिवेशन संपलं की कामगार, पगार, फंड या विषयांवर त्याने किती प्रश्न विचारले त्याची यादी मागा. दप्तरात सगळं छापलेलं असतं, लपवता येत नाही. यादी कोरी निघाली तर चाळीच्या फळ्यावर तशीच कोरी लावा, खाली त्याचं नाव लिहा, आणि पुढच्या पाळीच्या लोकांना वाचायला सांगा.