न मारणारा रोग, न मोजणारी व्यवस्था

जो रोग माणसाला लगेच मारीत नाही, तो आपल्या समाजात आरोग्याचा प्रश्न मानला जात नाही. तो ज्याचा त्याचा भोग ठरतो. सोरायसिस हा असाच एक रोग. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेविरुद्ध काम करू लागते. ज्या पेशी नव्या होऊन पृष्ठभागावर येण्यास एरवी सुमारे महिना लागतो, त्या अवघ्या काही दिवसांत वर येऊन साचतात. लाल चट्टे, चंदेरी खवले, खाज आणि अनेकांच्या बाबतीत सांधेदुखीही. हा रोग समूळ जात नाही, पण आटोक्यात राहू शकतो. आणि तो स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही.

तरीही न्हावी खुर्चीत बसू देत नाही, पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते, मुलीचे लग्न मोडते. पूर्वी त्वचेचे अनेक विकार 'कुष्ठ' या एकाच सदराखाली मोजले जात. त्या गोंधळाची सावली अजून हटलेली नाही. खुद्द कुष्ठरोगालाही घटस्फोटाचे कारण मानणारी कायद्यातील तरतूद २०१९ साली रद्द झाली. १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम चालवणाऱ्या चळवळीला शिवाशिवीचे हे नवे रूप ओळखता आले पाहिजे.

या रोगालाही वर्ग असतो. जत, आटपाडी, माण यांसारख्या दुष्काळी भागांतून आणि बीडकडून माणसे कृष्णाकाठच्या उसाच्या फडात उतरतात, ती थंडीच्या तोंडावर. थंड, कोरड्या हवेत सोरायसिस बहुधा वाढतो. उसाच्या पाल्याने त्वचा ओरबाडते आणि अशा जखमेच्या जागी नवा चट्टा उमटू शकतो, हे वैद्यकशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले आहे. एक दिवस कोयता थांबला, तर मजुरी बुडते. मग रुग्ण वैदूकडे जातो किंवा दुकानातून मिळेल ते स्टेरॉइडचे मलम आणतो. अशी प्रबळ औषधे मनाने घेऊन एकदम थांबवली, तर रोग अधिक उग्र होऊन उसळू शकतो.

उपाय दुर्मिळ नाहीत. मेथोट्रेक्सेट हे औषध स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले, तर प्राणावर बेतते, म्हणून रक्ताची व यकृताची नियमित तपासणी हवी. ठरावीक अतिनील किरणांचा उपचारही गुणकारी आहे, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा यावे लागते. मिरजेला १८९४ पासूनची रुग्णसेवेची परंपरा आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही आता आहे. परंतु जतचा मजूर मिरजेला आठवड्यातून तीनदा कसा जाईल? सरकारी विमा योजनांची घडण मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. आयुष्यभर औषध घेणाऱ्यासाठी नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली या रोगाची गंभीर दखल घेणारा ठराव केला. तो तालुक्यापर्यंत पोचला नाही, कारण आपला हिशेब मृत्यूंचा असतो. बुडालेल्या मजुरीचा आणि मोडलेल्या मनाचा नसतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात औषध व तपासणी मोफत, तालुक्याच्या ठिकाणी किरणोपचार, गळीत हंगामात फडावर त्वचातपासणी. आणि कार्यकर्त्याने शासनाची वाट न पाहता करावयाचे एक काम आहे. पंगतीतील ती रिकामी जागा त्याने स्वतः जाऊन भरावी.