निळ्या ओठांचे बाळ

दूध पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो. चार घोट घेतले की ते दमून थांबते. वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, रडताना ओठ आणि नखे निळी पडतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, नजर लागली असेल. मोठे झाले की सुधारेल. भगिनींनो, ही लक्षणे हृदयातील जन्मजात दोषाची असू शकतात. हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांना असा दोष असतो.

अशा मुलांवर एकेकाळी इलाजच नव्हता. तो शोधण्यात मोठा वाटा एका स्त्री डॉक्टरचा आहे. डॉ. हेलन टॉसिग यांचा जन्म १८९८ मध्ये अमेरिकेत झाला. लहानपणी त्यांना अक्षरे वाचणे फार जड जाई. हार्वर्डमध्ये स्त्रियांना वैद्यकीय पदवी मिळत नसे, म्हणून त्या जॉन्स हॉपकिन्सला गेल्या. पुढे कानांनी साथ सोडली, तेव्हा बाळाच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाचे ठोके समजून घेऊ लागल्या.

त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काही निळी बाळे ही नळी बंद झाल्यावरच अधिक खालावत. मग तशी नळी नव्याने करून दिली तर? शल्यचिकित्सक अल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती एका बालिकेवर झाली. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी दगावली. पण वाट मोकळी झाली आणि असंख्य मुले वाचली. आपल्या देशातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनीही टॉसिग यांच्या हाताखाली धडे घेतले.

टॉसिग यांची दृष्टी अशी, की आजार नव्हे, मूल पाहायचे. ते कसे खेळते, धावल्यावर उकिडवे बसते का, हे विचारायचे, आणि शस्त्रक्रियेनंतरही त्याची साथ सोडायची नाही. ही नजर आईजवळही असते. तिच्या सांगण्याकडे घराने कान द्यायला हवा.

सातारा आणि सांगलीच्या गावांतही हा इलाज आता आवाक्याबाहेरचा नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. शंका आली तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात, पुढे टू-डी इको आणि गरज असल्यास शस्त्रक्रियेची सोय होते. आपले मूल खासगी शाळेत किंवा अनुदान नसलेल्या मदरशात शिकत असेल, तर पथकाची वाट पाहू नका. आशाताईंना विचारा, किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय वा सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय येथे स्वतः घेऊन जा.

आणखी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात. आपल्याकडे आत्ये-मामे भावंडांत निकाह होतात. या भागातील इतर समाजांतही ही रीत आहे. जवळच्या नात्यात अशा दोषाची शक्यता काहीशी वाढते. यात कुणाला बोल लावायचा नाही. गरोदरपणी डॉक्टरांना नाते सांगावे आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे हृदय नीट पाहून घ्यावे, एवढेच.

दुसरी गोष्ट मुलींची. ‘छातीवर व्रण राहील, उद्या स्थळ कसे येणार?’ या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. काही दोष वेळेवर दुरुस्त झाले नाहीत तर फुप्फुसांतील दाब इतका वाढतो की नंतर शस्त्रक्रियाही करता येत नाही. व्रण कपड्याखाली झाकतो. गेलेली वेळ परत येत नाही.

दुआ जरूर करा. पण दुआ करणाऱ्या हातांनीच बाळाला डॉक्टरकडेही न्या. शिफा देणारा अल्लाहच आहे. इलाजाची वाटही त्यानेच दाखवली आहे.